पाणसळ कोठे धरावी? : ‘दि स्पिरिट लेव्हल’ ह्या ग्रंथाचे श्रीवर्धनवरून परीक्षण

श्रीमंत राष्ट्रांतील उत्पन्नाची विषमता आणि तिचे सामाजिक परिणाम ह्या विषयावर गेल्या दोन दशकांत पुष्कळ लेखन झाले आहे. त्यांपैकी रिचर्ड विल्किन्सन व केट पिकेट ह्या दोन ब्रिटिश अभ्यासकांच्या ‘दि स्पिरिट लेव्हल’ (२००९) ह्या ग्रंथाइतका सर्वदूर वाचला गेलेला, आणि तितकाच वादाचा विषय झालेला, दुसरा ग्रंथ सहसा दाखवता येणार नाही. ग्रंथाच्या नावातील उपकरण आपल्याकडील गवंड्यांच्या नित्य परिचयाचे आहे. ते त्याला पाणसळ म्हणतात. पृष्ठभाग समतल आहे की नाही एवढे पाणसळ बिनचूक सांगते. परंतु ती कोठे धरावी, एका विटेवर, एका भिंतीवर की सबंध जोत्यावर, हे ती सांगत नाही. ते गवंड्याचे त्यालाच ठरवावे लागते. प्रस्तुत ग्रंथाविषयी आमची मुख्य शंका ह्याच स्वरूपाची आहे, आणि ती मांडण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचे दक्षिण टोक असलेला श्रीवर्धन तालुका आम्ही डोळ्यांपुढे ठेवला आहे.

युरोप, अमेरिका व जपान ह्यांच्या आकडेवारीवर उभ्या राहिलेल्या ग्रंथाला सुपारीच्या वाड्यांची कसोटी लावणे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. पण महाराष्ट्र हे भारतातील सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचे राज्य आहे, आणि दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने रायगड हा त्या राज्यातील वरच्या पंक्तीतील जिल्ह्यांपैकी एक आहे. संपन्न प्रदेशात राहून संपन्नतेकडे दुरून पाहणारी माणसे हाच जर ग्रंथाचा विषय असेल, तर तो श्रीवर्धनला परका नाही.

प्रथम ग्रंथकारांचे म्हणणे थोडक्यात सांगितले पाहिजे. राष्ट्र एका विशिष्ट पातळीपर्यंत श्रीमंत झाले की त्यापुढे सरासरी उत्पन्न वाढल्याने आयुर्मान वा सुखसमाधान ह्यांत फारशी भर पडत नाही. तेथून पुढे महत्त्व येते ते उत्पन्नाच्या वाटपाला. ग्रंथकारांनी प्रत्येक राष्ट्रातील वरच्या वीस टक्के लोकांचे उत्पन्न खालच्या वीस टक्क्यांच्या किती पट आहे हे घेतले. जपान व फिनलंड येथे हे प्रमाण चौपटीच्या आत, तर अमेरिकेत ते साडेआठ पटींच्या आसपास असल्याचे त्यांनी दाखवले. मग ह्या प्रमाणाशेजारी त्यांनी आयुर्मान, बालमृत्यू, मनोविकार, मेदवृद्धी, अल्पवयीन मातृत्व, खून, तुरुंगवास, शालेय प्रगती, परस्परविश्वास अशा अनेक गोष्टींचे आकडे मांडले, आणि विषमता जेथे अधिक तेथे ह्या सर्वच व्याधी अधिक असा निष्कर्ष काढला. अमेरिकेच्या पन्नास राज्यांची तुलना करूनही त्यांना तेच आढळले. कारण म्हणून ते जी मीमांसा करतात ती मनोवैज्ञानिक आहे: विषम समाजात माणसाला आपला दर्जा दुसऱ्याच्या डोळ्यांत सतत वाचावा लागतो, आणि ह्या वाचनाचा ताण शरीरावर व शीलावर उमटतो.

ह्या मांडणीवर झालेले आक्षेप सुपरिचित आहेत. पीटर साँडर्स व ख्रिस्टोफर स्नोडन ह्यांनी २०१० मध्येच असे दाखवण्याचा प्रयत्न केला की, चार राष्ट्रे वगळली किंवा चार निराळी घेतली तर काही आलेखांतील रेषा आडवी होते. राष्ट्रांची संख्या वीस-बावीस एवढीच असताना असा आक्षेप येणारच. त्याला उत्तरेही दिली गेली आहेत, आणि त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आम्हाला अधिक अर्थपूर्ण वाटतात ती ग्रंथातीलच दोन विधाने, ज्यांकडे टीकाकारांनी त्या मानाने कमी लक्ष दिले आहे. पहिले असे की, समता कोणत्या मार्गाने आली ह्याला महत्त्व नाही, ती आली एवढे पुरे. स्वीडनमध्ये मिळकती विषम असून कर व साहाय्य ह्यांच्या द्वारा त्या जवळ आणल्या जातात; जपानमध्ये मुळात वेतनांतीलच अंतर कमी आहे; पण परिणाम दोन्हीकडे सारखाच चांगला. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट व न्यू हॅम्पशायर ह्या शेजारच्या राज्यांविषयीही ग्रंथकार हेच सांगतात. दुसरे विधान असे की, लहान क्षेत्रातील अंतर्गत विषमता मोजून उपयोग नसतो; गरीब वस्तीतील माणसाचे आरोग्य बिघडते ते वस्तीतल्या वस्तीत अंतर आहे म्हणून नव्हे, तर सबंध समाजाच्या तुलनेत ती वस्ती खाली आहे म्हणून. ह्या दोन विधानांपैकी पहिले आम्हाला अमान्य आहे, आणि दुसरे ग्रंथकारांना वाटते त्याहून अधिक दूरवर नेणारे आहे.

आता श्रीवर्धनकडे वळू. समुद्र आणि डोंगर ह्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत येथील वाड्या आहेत. वर माड, त्यांच्या छायेत सुपारी, सुपारीच्या खोडावर मिऱ्याचा वेल, मध्ये केळी आणि क्वचित जायफळ, अशी ही तीन-चार थरांची शेती आहे. श्रीवर्धनचा रोठा प्रसिद्ध आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही येथेच आहे. वाडीचे माप एकरांत नव्हे, गुंठ्यांत सांगण्याची रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन किंवा वाटणी न होता सातबाऱ्यावर वारसांची नावे चढत जाऊन, दहा-वीस गुंठ्यांना दहा-वीस हिस्सेदार असणे हा कोकणातील सर्वसाधारण प्रकार होय. येथे साखर कारखाना नाही, ऊस नाही, शंभर एकरांचा बागायतदार नाही. ह्यावरून कोकणी माणसाने स्वतःविषयी एक समजूत करून घेतली आहे, आणि ती साहित्यात व राजकारणातही रूढ आहे: आमच्याकडे फार श्रीमंत कोणी नाही, उपाशीही कोणी नाही, सारे सारखेच.

ही समजूत केवळ आकड्यांच्या दृष्टीने पाहिली तर कदाचित खरी ठरेल. तालुक्याच्या हद्दीत आज प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबांचे वरचे वीस टक्के व खालचे वीस टक्के घेऊन विल्किन्सन-पिकेट ह्यांची पाणसळ धरली, तर बुडबुडा बराचसा मध्यावर येईल असे मानण्यास जागा आहे. परंतु तो मध्यावर का येतो? ज्यांची मिळकत वर गेली असती ते येथून निघून गेले म्हणून. श्रीवर्धनचा सधन मनुष्य श्रीवर्धनमध्ये मोजलाच जात नाही; तो मुंबईत, पुण्यात, पनवेलीत मोजला जातो, किंवा आखाती देशांत असून कोठेच मोजला जात नाही.

निर्गमनाची ही परंपरा जुनी आहे. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या मुलखातून बाहेर पडून देशावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. पेशवे हे श्रीवर्धनचे पहिले चाकरमानी, असे विनोदाने म्हणता येईल. आणि त्यांच्या वैभवाचे वाडे पुण्याला उभे राहिले, श्रीवर्धनला नव्हे, हेही त्या विनोदाला धरूनच आहे. विनोद बाजूला ठेवला तरी क्रम तोच राहतो. मुंबईच्या गिरण्या, गोदी, खानावळी, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या ह्यांनी कोकणातील पुरुष उचलला. किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी घरांतील पुरुष बोटींवर गेला. पुढे तेलाच्या भरभराटीबरोबर विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतील तरुण आखाताकडे वळले. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, तेथे एकेका खोलीत गावचे वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपत. आणि महिन्याच्या आरंभी गावच्या टपालकचेरीत मनीऑर्डरींची वाट पाहिली जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही, तेव्हा त्याचा फटका गिरणगावाइतकाच ह्या टपालकचेऱ्यांनाही बसला. तालुक्यातील कोणाचीही जमीन त्या वर्षी कमी झाली नव्हती, कोणाचे पीक बुडाले नव्हते. तरी घरोघरचे उत्पन्न खाली आले. ज्या क्षेत्राचे उत्पन्न त्या क्षेत्रात मिळतच नाही, त्याच्या अंतर्गत विषमतेला काय अर्थ राहतो, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

तेव्हा समतेचे मार्ग दोन नसून तीन आहेत. कर घेऊन आणलेली समता आणि वेतनातच राखलेली समता ह्यांच्या जोडीला निर्गमनातून उरलेली समता हाही एक प्रकार आहे, आणि ग्रंथकारांच्या आकड्यांत तो पहिल्या दोहोंहून वेगळा दिसणार नाही. अंतर मिटले ते वरचा माणूस खाली आल्यामुळे नव्हे, खालचा वर चढल्यामुळेही नव्हे. वर चढू शकणारा प्रत्येक जण चौकटीबाहेर गेल्यामुळे. अशा समतेतून ग्रंथाच्या भाकिताप्रमाणे परस्परविश्वास, आरोग्य, मुलांची प्रगती ही फळे यावयास हवीत. प्रत्यक्षात गंभीर आजारी माणसाला माणगाव-महाडकडे किंवा थेट मुंबईकडे न्यावे लागते, मुलाला पुढचे शिक्षण हवे असेल तर त्याला घर सोडावे लागते, आणि वाडीला पाणी लावण्याची जबाबदारी सत्तरीतल्या जोडप्यावर किंवा मागे राहिलेल्या सुनेवर येते. कुलूप लावलेली घरे गणपतीत किंवा मे महिन्यात उघडतात आणि पुन्हा बंद होतात. ज्या चार दिवसांत ती उघडतात त्या दिवसांत तालुक्यातील विषमता एकाएकी डोळ्यांना दिसू लागते. मोटार दारात उभी राहते, नव्या स्वयंपाकघराची मापे घेतली जातात, आणि ज्याने वर्षभर त्या घराची किल्ली सांभाळली त्याला जुने कपडे व एखादी नोट मिळते. ग्रंथकार ज्याला दर्जाचे वाचन म्हणतात ते येथे वर्षातून दोनदा ठरलेल्या वेळी होते, आणि उरलेल्या दिवसांत त्याची आठवण पुरते.

दुसऱ्या विधानाचे महत्त्व येथेच आहे. श्रीवर्धनचा मनुष्य आपली तुलना श्रीवर्धनशी करीत नाही, मुंबईशी करतो, हे ग्रंथकारांनाही मान्य व्हावे. पण मग ‘सबंध समाज’ म्हणजे कोणता? राष्ट्र हाच तो समाज, असे ते जवळजवळ गृहीत धरतात, कारण आकडे राष्ट्रवार मिळतात. आपल्याकडे हीच सोय जिल्ह्याने केली आहे. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा विचार करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये आपल्या अहवालात जिल्हा हा मोजणीचा घटक धरला आणि राज्याच्या सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष काढला. त्या काळाच्या साधनांचा विचार करता ते अपरिहार्य होते, आणि अनुशेष ही कल्पना देऊन समितीने सार्वजनिक चर्चेला जे वळण लावले त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण रायगडसारख्या जिल्ह्याबाबत ही मोजपट्टी फसवी ठरते. ह्या एकाच जिल्ह्यात न्हावा-शेवाचे बंदर आहे, तळोजे व रोहे येथील औद्योगिक वसाहती आहेत, थळचा खतकारखाना व डोलवीचा पोलादकारखाना आहे, आणि पनवेल तालुक्यात जिल्ह्याच्या लोकसंख्येचा चौथ्याहून अधिक भाग आहे. ह्या सर्वांच्या उत्पन्नाला जिल्ह्याच्या माणसांनी भागले की जो आकडा येतो, तो श्रीवर्धन, म्हसळे किंवा पोलादपूर ह्यांपैकी कोणत्याही तालुक्यातील कोणत्याही माणसाचा नसतो.

ह्याची साक्ष उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा स्त्री-पुरुषांच्या संख्येतून अधिक स्पष्ट मिळते. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मुंबई शहरात ८३२, मुंबई उपनगरात ८६०, रायगड जिल्ह्यात ९५९ आणि रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ होत्या. हे चार आकडे एका ओळीत वाचले तर पुरुष कोठून निघाला व कोठे पोहोचला हे समजण्यास निराळ्या पाहणीची गरज नाही. रायगडचा आकडा मधला आहे तो जिल्हा समतोल आहे म्हणून नव्हे. त्याची उत्तर बाजू मुंबईसारखी पुरुषांना ओढणारी आणि दक्षिण बाजू रत्नागिरीसारखी त्यांना पाठवणारी आहे म्हणून. सावित्रीच्या खाडीपलीकडचा बाणकोट आणि अलीकडचे हरिहरेश्वर ह्यांत समाजशास्त्रीय दृष्ट्या फारसे अंतर नाही. हरिहरेश्वर आणि पनवेल ह्यांत ते फार आहे.

जिल्ह्याप्रमाणेच कुटुंब हा घटकही येथे निसरडा होतो. बॅ. अ. र. अंतुले ह्यांनी विधानसभेत ह्याच श्रीवर्धनचे प्रतिनिधित्व केले. ते मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. अशी योजना उत्पन्नाच्या दाखल्यावाचून चालत नाही, आणि दाखल्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न लिहावे लागते. जिचा मुलगा मुंबईत आहे, पण सहा महिन्यांत पैसे आलेले नाहीत, अशा वृद्धेचे कुटुंब कोणते? कागदावर मुलगा धरला तर ती निराधार नाही, न धरला तर ती एकटी आहे. योजनेचा हेतू स्तुत्य होता व तिने अनेकांना आधार दिला. अडचण योजनेची नसून मोजणीच्या घटकाची आहे. ‘दि स्पिरिट लेव्हल’मधील आकडे अशाच कौटुंबिक उत्पन्नाच्या पाहण्यांवर आधारलेले आहेत, आणि जपान-स्वीडनमध्ये कुटुंब एका छपराखाली राहते म्हणून ही अडचण ग्रंथकारांना भासली नाही.

आता आमचा अधिक मूलगामी आक्षेप. ग्रंथकारांची मीमांसा मानहानीची आहे, पण त्यांचे माप मिळकतीचे आहे. आणि ही दोन नेहमी बरोबर चालतात असे मानल्याखेरीज ग्रंथ उभा राहत नाही. कोकणचा इतिहास ह्याला अनुकूल नाही. कुलाबा व रत्नागिरी ह्या जिल्ह्यांत खोत हा मुळात सरकार व रयत ह्यांच्यामधला वसुलीचा मक्तेदार. त्याचे उत्पन्न देशावरच्या एखाद्या मोठ्या सावकाराच्या तुलनेत बेताचेच असे, आणि अनेक खोती वाटण्यांनी इतक्या चिरल्या गेल्या होत्या की खोत व कूळ ह्यांच्या ताटात फार फरक नसे. फरक होता तो अंगणात. कुळाने पीक कापण्यापूर्वी विचारावे, वेठीस यावे, खोताच्या पुढे पायांत वहाणा घालून जाऊ नये, ह्यांपैकी कशाचीही नोंद उत्पन्नाच्या कोणत्याही पाहणीत झाली नसती. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमिनी कसण्याचे थांबवले आणि हा संप सुमारे सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालवला. ह्या वर्षांत कुळांचे उत्पन्न अर्थातच घटले. मोलमजुरी व जंगलातील लाकूडफाटा ह्यांवर त्यांनी दिवस काढले. केवळ मिळकत मोजणाऱ्याला त्या सहा वर्षांत चरीची कुळे अधिक दीन झालेली दिसली असती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. ती माणसे केवळ मिळकतीतील अंतर कमी करण्यासाठी चालत आली नव्हती.

श्रीवर्धन तेव्हा जंजिरा संस्थानात होते, म्हणून मुंबई इलाख्यातील ह्या घडामोडींचा कायदेशीर परिणाम येथे लगेच झाला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर कुळकायद्याचे युग येथेही आले. जवळच्या महाडचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्यातील प्रश्न पाण्याच्या किमतीचा नव्हता. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते खुले केल्याचा ठरावही पूर्वीच झाला होता. आणि तरीही न्यायालयाचा अखेरचा निर्णय येण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ह्या दहा वर्षांत महाडमधील वरच्या व खालच्या वीस टक्क्यांच्या उत्पन्नाचे प्रमाण बदलले की नाही, हा प्रश्न विचारणेही अप्रस्तुत वाटते.

गंमत अशी की ग्रंथकारांच्या हाती हा धागा आला होता. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग ते उद्धृत करतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. एकमेकांची जात माहीत नसताना दोन्ही गटांतील मुले सारखीच यशस्वी झाली. मग नाव, गाव, वडिलांचे नाव व जात मोठ्याने वाचून दाखवली, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी एकदम घसरली. ह्या दोन वेळांच्या दरम्यान कोणाच्याही बापाची मिळकत बदललेली नव्हती. बदलली होती ती फक्त खोलीतील माहिती. ग्रंथकारांनी ह्या प्रयोगाचा उपयोग आपल्या सिद्धान्ताला पुरावा म्हणून केला आहे. आमच्या मते तो सिद्धान्ताच्या मापाला दिलेला छेद आहे. अमेरिकेविषयीही हेच. अँगस डीटन व डॅरेन लुबोट्स्की ह्यांनी २००३ मध्ये दाखवले की, तेथील राज्यांत व शहरांत विषमता आणि मृत्युमान ह्यांचा जो संबंध दिसतो, तो कृष्णवर्णीयांचे लोकसंख्येतील प्रमाण हिशेबात घेतले की नाहीसा होतो. उत्पन्नाच्या मागे तेथे वर्ण उभा होता, जसा येथे जात व वतन उभे आहेत. ह्याचा अर्थ उत्पन्नाची विषमता निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. आमचे म्हणणे एवढेच की, ती बहुधा दुसऱ्या कशाची तरी पडछाया असते, आणि पडछायेची लांबी उन्हाच्या तिरपेपणावरही अवलंबून असते.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही, हे ३ जून २०२० रोजी दिसून आले. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने श्रीवर्धनच्या परिसरातच किनाऱ्यावर आदळले. सुपारीचे झाड उंच, सडपातळ आणि उथळ मुळांचे. श्रीवर्धन, दिवेआगर व भोवतालच्या गावांतील वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर केली. दहा गुंठ्यांच्या वाडीला ह्या हिशेबाने सुमारे पाच हजार रुपये येतात. पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याच्या मजुरीलाही ते पुरत नाहीत. जेथे एका गुंठ्यात तीन पिके एकावर एक उभी असतात, तेथे क्षेत्रफळाने नुकसान मोजणे चुकीचे आहे अशी वाडीवाल्यांची तक्रार होती, ती रास्त होती. पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा मार्गही स्वीकारला गेला.

पण दोन्ही मापांत एक गोष्ट समान होती. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाली. ते नाव कित्येकदा मुंबईत होते, कित्येकदा हयातही नव्हते, आणि सामाईक खात्यात संमतिपत्रे जुळवता जुळवता हिस्सेदार थकले. हे सारे गैरसोयीचे असले तरी त्या नावाला निदान दारात जाता येत होते. वाडीवर जगणारी दुसरी माणसे होती त्यांना तेही नव्हते: एका सुपारीवरून दुसरीवर झोके घेत जाऊन घड उतरवणारा गडी, अंगणात वाळलेली सुपारी दिवसभर बसून सोलणाऱ्या व वजनावर मजुरी घेणाऱ्या स्त्रिया, पाटाचे पाणी फिरवणारा, झावळ्या विणणारी. जमीनधारणेचा इतिहास पाहता ही विभागणी जातीच्या रेषेलाही पुष्कळशी धरून आहे. वाडी पडली तेव्हा मालकाचे नुकसान झाले आणि ह्यांचे काम गेले. पण काम जाणे हे ‘नुकसान’ ह्या सदरात बसत नाही. त्या वर्षी तालुक्यातील उत्पन्नाच्या दोन टोकांतील अंतर वाढले की घटले, हे सांगता येणे कठीण आहे. वाडीमालकांचे उत्पन्न बुडाल्यामुळे ते घटलेही असेल, आणि तसे असल्यास पाणसळ समाधानकारक उत्तर देईल.

ग्रंथाच्या बाजूने एक गोष्ट नि:संकोचपणे सांगितली पाहिजे. दारिद्र्य हा केवळ पोटाचा प्रश्न आहे आणि सरासरी वाढली की तो सुटतो, ही जी समजूत अर्थशास्त्रात व राज्यकारभारात दीर्घकाळ घर करून होती, तिला इतक्या सुबोध रीतीने धक्का देणारे पुस्तक दुसरे झाले नाही. मराठीत ह्या विषयावर लिहिताना त्याचा आधार घेतला जाईल व घेतला जावा. फक्त तो घेताना राष्ट्राच्या जागी जिल्हा आणि जपानच्या जागी कोकण एवढाच बदल करून आलेख काढण्याचा मोह टाळावा लागेल. श्रीवर्धनसारख्या तालुक्याची पाहणी करावयाची तर घरात कोण राहतो ह्याबरोबर घरातून कोण गेला, कोठे गेला, काय पाठवतो. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ह्याबरोबर त्या जमिनीवर कोणाचे हात चालतात. आणि वर्षातून दोनदा कुलूप उघडले जाते तेव्हा किल्ली कोणाकडून घेतली जाते, हे प्रश्न विचारावे लागतील. असे प्रश्न विचारणाऱ्या पाहणीला वीस राष्ट्रांचा आलेख काढता येणार नाही, हे उघड आहे.

वादळानंतर लावलेली सुपारीची रोपे आता वाडीवाडीत उभी आहेत. सुपारी सहा ते आठ वर्षांनी धरते. मधल्या काळात घड उतरवावयाचे नव्हते आणि सोलावयाचेही फारसे नव्हते. त्या गड्यांपैकी व त्या स्त्रियांपैकी किती जण अजून तालुक्यात आहेत हे पुढच्या जनगणनेतूनही कळणार नाही, कारण जनगणना माणूस जेथे सापडतो तेथे मोजते.